सुकतळ्यावरचं पाऊल

उपवन तलावाच्या काठाने सकाळी धावणाऱ्यांकडे पाहताना माझी नजर चेहऱ्यांवर थांबत नाही, खाली टाचांकडे जाते. कुणाचा बूट जमिनीला लागला की आतल्या बाजूला कलतो. कुणाचा बाहेरच्या कडेवर पडतो आणि मग सपाट होतो. एखादी पोरगी येऊरच्या उतारावरून चवड्यांवरच येते, टाच टेकते न टेकते तोच पुढचं पाऊल पडलेलं असतं. मी ठाण्याची. नवी मुंबईतल्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयात इन्स्ट्रुमेंटेशन शिकवते, म्हणजे मोजायचं कसं आणि मोजलेल्यावर विश्वास किती ठेवायचा, हे शिकवते. त्यामुळे या पाहण्यात मला एक गोष्ट कायम टोचत राहते. मला दिसतो तो बूट. पाय आत आहे, आणि तो आत काय करतोय ते बाहेरून कळत नाही.

बूट वळला म्हणजे पाय वळला, असं आपण सहज धरून चालतो. पण एका पावलात २६ हाडं आणि ३३ सांधे आहेत. दोन्ही पावलांची मिळून ५२ हाडं, म्हणजे शरीरातल्या २०६ हाडांपैकी चौथा हिस्सा घोट्याच्या खाली आहे. एवढ्या सगळ्याची हालचाल बुटावर ठिपके चिकटवून आणि कॅमेऱ्याने त्यांचा माग काढून सांगायची, म्हणजे गोधडी हलली त्यावरून आतला माणूस कोणत्या कुशीवर वळला हे सांगण्यासारखं आहे. कधी बरोबर येईल, कधी नुसती गोधडीच सरकलेली असेल.

आत काय चालतं ते जरा सावकाश पाहू. टाच जमिनीला लागते. टाचेचं हाड थोडं आत कलतं, त्याच्यावरचा घोटा आणि नडगी त्याच्या मागोमाग वळतात. वजन पुढे सरकतं तशी तळव्याची कमान दबते, पाऊल काही मिलिमीटरने लांबतं, चवडा पसरतो. मग टाच उचलते आणि बोटं मुळापाशी वर वाकतात. टाचेपासून बोटांच्या मुळांपर्यंत तळव्याखालून गेलेली एक जाड, चिवट पट्टी आहे. ती या वाकण्याने ताणली जाते आणि दबलेली कमान पुन्हा उभी राहते. क्षणापूर्वी सैल होऊन जमीन चाचपणारं पाऊल आता ताठ होतं आणि सगळ्या शरीराला पुढे ढकलतं. जे. एच. हिक्स यांनी १९५४ साली ही रचना नीट मांडून दाखवली. पुढे १९८७ मध्ये केर, अलेक्झांडर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शस्त्रक्रियेत काढाव्या लागलेल्या पावलांवर यंत्राने दाब देऊन पाहिलं. धावताना पाऊल टेकलेलं असण्याच्या काळात जेवढी ऊर्जा शरीरात साठते आणि सुटते, तिच्यातला सुमारे १७ टक्के वाटा एकटी कमान उचलू शकते, असा त्यांचा हिशेब निघाला. धावणाऱ्याचं पाऊल जमिनीवर असतं पाव सेकंदाच्या आसपास. वजनाच्या दुप्पट-तिप्पट जोर अंगावर घेत, अंधारात, मोज्याच्या आत, तेवढ्या वेळात हे सगळं पार पडतं. हे पहिल्यांदा समजलं तेव्हा मी कितीतरी वेळ पलंगावर बसून स्वतःच्या पायाची बोटं वर ओढून कमान उभी राहताना पाहत होते. तुम्हीही करून पाहा. अंगठा हाताने वर उचला आणि तळव्यावर दुसरा हात ठेवा. ती पट्टी दोरीसारखी हाताला लागते.

मोजायची हौस जुनी आहे. एतियेन-ज्यूल मारे या फ्रेंच शरीरशास्त्रज्ञाने १८७० च्या दशकात बुटाच्या तळातच हवेची रबरी पोकळी बसवली. पाऊल टेकलं की हवा दाबली जायची, नळीतून धावणाऱ्याच्या हातातल्या नोंदयंत्रापर्यंत पोचायची आणि काजळी धरलेल्या कागदावर रेघ उमटायची. धावणारा आपली नोंद आपल्याच हातात घेऊन धावायचा. पाऊल किती वेळ जमिनीवर राहिलं, दोन्ही पाय एकाच वेळी हवेत होते का, याचं उत्तर त्या रेघेत असायचं. मारे पुढे छायाचित्रांकडे वळला आणि त्यासाठीच जास्त ओळखला जातो. पण मला तो आवडतो तो या बुटांसाठी. बाहेरून पाहत बसण्याआधी त्याने पायाच्या खाली जागा शोधली.

मधल्या काळात बुटाच्या आत थेट पाहण्याचा एक प्रकार येऊन गेला. तो आठवला की अंगावर काटा येतो. १९२० च्या दशकापासून पुढची काही दशकं अमेरिकेत आणि युरोपात बुटांच्या दुकानांमधून क्ष-किरणांचं एक लाकडी खोकं असायचं. मुलाने नवे बूट घालून पाय त्यात सरकवायचे आणि आई, दुकानदार आणि ते मूल, तिघांनी वरच्या झरोक्यांतून बोटांची हाडं बघायची. पायांना, पोटाला, रोज तिथे काम करणाऱ्या विक्रेत्याला किती किरणं लागतात हे ध्यानात आलं तेव्हा ती खोकी बंद करावी लागली. आणि एवढं करून दिसायचं काय, तर उभं राहिलेलं पाऊल. चालणाऱ्या पावलाला तिथे जागाच नव्हती.

चालणारं पाऊल पाहायचं तर मग बूट कापायचा. हा उपाय आजही वापरला जातो. बुटाच्या मागच्या भिंतीला, बाजूंना छोट्या खिडक्या पाडायच्या आणि त्यातून थेट कातडीवर ठिपके चिकटवायचे. कॅमेरे त्या ठिपक्यांचा माग काढतात. झुरिकमध्ये श्टाकॉफ, राइनश्मिट आणि श्ट्यूसी यांनी १९९२ मध्ये टाचेपाशी अशा खिडक्या कापून टाच बुटाच्या आत कशी हलते ते मोजलं. टाच आत हलते, बुटासोबत जखडलेली राहत नाही. पण खिडकी मोठी केली की बूटच लेचापेचा होतो, आणि मग मोजलेला पाय त्या मूळ बुटातला राहत नाही. लहान ठेवली तर ठिपका कडेला घासतो. शिवाय ठिपका कातडीवर आहे, हाडावर नाही, आणि कातडीही हाडावरून सरकते.

म्हणून काही जणांनी शेवटचं पाऊल उचललं. स्थानिक भूल देऊन हाडात धातूच्या बारीक पिना बसवायच्या, पिनांच्या टोकांवर ठिपके लावायचे आणि त्या माणसाला चालायला, धावायला सांगायचं. राइनश्मिट आणि सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये असं करून हाडाची हालचाल आणि बुटावरच्या ठिपक्यांची हालचाल शेजारी शेजारी ठेवली. बाहेरचे ठिपके बहुधा फुगवून सांगत होते. हाड कमी वळत होतं, बूट जास्त. दहा वर्षांनी स्वीडनमधल्या एका प्रयोगात पाऊल, घोटा आणि नडगी मिळून नऊ हाडांत पिना घालून घेतलेले स्वयंसेवक धावले. एका वर्गात मी हे सांगितलं तेव्हा मागच्या बाकावरच्या एका मुलाने न राहवून विचारलं, "मॅडम, पण ते तयार कसे झाले?" मला त्याचा प्रश्न फार जवळचा वाटला. आपल्या ज्ञानकोशात जी एक ओळ येते, की पायाच्या मधल्या भागातले सांधे वाटले होते त्याहून बरेच जास्त हलतात आणि माणसामाणसांत खूप फरक असतो, ती ओळ कुणीतरी स्वतःच्या हाडात पिना घालून घेऊन दिलेली आहे. मी ती आदरानेच वाचते.

याच पिनांच्या प्रयोगांतून आणखी एक गोष्ट निघाली, जी बुटांच्या दुकानात कुणी सांगत नाही. श्टाकॉफ आणि सहकाऱ्यांनी तळ बदलून बदलून धाववलं. मऊ तळ, कडक तळ, कडेला बाहेर पसरलेला तळ. बाहेरून पाहिलं तर बूट वेगवेगळे वागतात. आत हाडांच्या हालचालीत मात्र तळामुळे पडलेला फरक लहान निघाला, आणि एका माणसापासून दुसऱ्या माणसात असलेला फरक त्याहून मोठा. म्हणजे प्रत्येकाची हाडं आपापल्या वळणाने जातात आणि बुटाने सांगितलेलं फारसं ऐकत नाहीत. आता ठाण्यातल्याच काय, कुठल्याही मोठ्या दुकानात गेलं की ट्रेडमिलवर मिनिटभर धाववून मागून चित्रफीत घेतात आणि सांगतात, तुमचा पाय आत कलतो, तुम्हाला आधाराचा बूट लागेल. त्या चित्रफितीत दिसतो तो बूटच. आणि आत कलणं हा मुळात दोष आहे का? डेन्मार्कमध्ये ९२७ नवशिक्या धावपटूंना एकसारखे साधे बूट देऊन वर्षभर पाहिलं. २०१४ मध्ये आलेला निष्कर्ष असा, की ज्यांची पावलं आत कलणारी होती त्यांना जास्त दुखापती झाल्या नाहीत. कॅनडातले बेनो निग आयुष्यभर बुटांवर काम करून शेवटी ज्याच्यावर भर देतात ती गोष्ट साधी आहे: घातल्यावर पायाला बरं वाटतंय का. माझ्या भावाला लहानपणापासून 'फताडे पाय' म्हणून चिडवत. त्या फताड्या पायांनी तो आजही येऊरचा चढ माझ्या पुढे चढतो. सपाट पावलाच्या पोराला नुसतं पाहून आजारी ठरवू नये, असं मला मनापासून वाटतं.

बुटाचा आकार ही वेगळी गोष्ट, आणि तिथे मात्र आपलं खरंच बिनसलेलं आहे. आपल्याकडचे नंबर इंग्रजांच्या मापाचे. चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेने २०२१-२२ मध्ये देशभर एक लाखाच्या वर माणसांच्या पावलांचं त्रिमितीय मापन केलं, तेव्हा आपली पावलं त्या मापांच्या मानाने रुंद असल्याचं दिसलं. त्यातून 'भा' नावाची भारतीय मापपद्धती मांडली गेली. रुंदीला बसावा म्हणून आपण लांबीला मोठा बूट घेतो, आणि मग पाय आत पुढेमागे सरकत राहतो. बुटाच्या आत हालचाल होते यात गैर काही नाही, पाय जिवंत आहे. गैर आहे ते हे घसरणं.

दोन वर्षांपूर्वीच्या तुकडीने माझ्याकडे बुटातल्या मापनाचा प्रकल्प केला, तेव्हा या घसरण्याने आम्हाला पछाडलं. नखाएवढी चिप. तिच्यात त्वरण मोजणारा ॲक्सेलरोमीटर आणि फिरण्याचा वेग मोजणारा जायरोस्कोप. फोनमध्येही हेच असतं. त्वरणाची एकदा बेरीज करत गेलं की वेग मिळतो, पुन्हा केली की अंतर. कागदावर सोपं आहे. प्रत्यक्षात सेन्सरची इवलीशी चूकही या बेरजांत वाढत जाते आणि काही सेकंदांत यंत्र म्हणायला लागतं की माणूस भिंतीतून पार गेला. यावरचा तोडगा मला या सगळ्या विषयातला सगळ्यात सुंदर भाग वाटतो. चालताना प्रत्येक पावलात एक क्षण असा येतो की पाऊल जमिनीवर पूर्ण थांबलेलं असतं. वरचं शरीर पुढे जात असतं, दुसरा पाय हवेतून येत असतो, आणि हे पाऊल मात्र स्थिर. त्या क्षणी वेग शून्य आहे हे आपल्याला नक्की माहीत असतं, म्हणून यंत्राला तिथे सांगायचं, तुझी चूक टाकून दे आणि शून्यापासून धर. पुढच्या पावलाला पुन्हा. माणूस चालतो म्हणूनच हे यंत्र खरं बोलू शकतं. गाडीच्या चाकाला बांधलं असतं तर हा उपाय सापडला नसता. धावताना तो क्षण आक्रसतो, पूर्ण स्थिर राहत नाही, आणि गणित लगेच अवघड होतं.

पोरांनी एक चिप बुटाच्या टाचेवर लावली आणि एक मोज्याच्या आत, टाचेच्या हाडापाशी. दोन्ही आलेख एकावर एक ठेवले. चालताना ते जवळजवळ जात होते. धावताना, आणि विशेषतः वळताना, फाटत होते. आतली चिप बसवताना प्रत्येक वेळी तीच पंचाईत व्हायची: बुटात जागा नाही. दोन-तीन मिलिमीटरची वस्तू टाचेपाशी आली की पाय तिला टाळायला लागतो, लंगडेपणाने नाही, नकळत. म्हणजे मोजायला गेलो की मोजायची गोष्टच थोडी बदलते. घामाने चिकटपट्टी सुटते. दाब मोजणाऱ्या पातळ पट्ट्या पायाच्या उबेने आपलं उत्तर बदलतात, म्हणून त्या आधी पायात घालून, थोडं चालून, ऊब चढू देऊन मगच वाचायच्या. शिवाय या पट्ट्या मोजतात तो सरळ खाली पडणारा दाब. कातडीला आडवं ओढणारा जोर, जो घसरण्यात असतो, तो मोजणं त्याहून कितीतरी कठीण आहे.

तो आडवा जोर वाचणारा माणूस मला ठाणे स्टेशनबाहेर भेटला. पश्चिमेला जिन्याच्या आडोशाला बसून बूट-चपला शिवणारे एक काका आहेत. प्रकल्पातला फाटलेला बूट शिवायला नेला होता. त्यांनी आधी आतला सुकतळा बाहेर काढला, उजेडाकडे धरला आणि म्हणाले, "हे पोरगं धावतं का हो ताई? डावा पाय पुढे सरकतोय त्याचा. एक नंबर मोठा घेतलाय बूट." मी विचारलं, कसं कळलं. त्यांनी बोटाने दाखवलं. चवड्याखाली आणि टाचेखाली काळे डाग होते, घामाने आणि मळाने पडलेले. उजव्या सुकतळ्यावर डागांच्या कडा स्पष्ट होत्या. डाव्यावर तेच डाग पुढच्या बाजूला फरफटलेले, पुसट रेघ काढत गेलेले. "नुसता दाबला तर ठसा पडतो, सरकला तर असा पुसतो," ते म्हणाले आणि रापी घेऊन कामाला लागले. आमच्या आलेखातही डाव्या पायातला फरक जास्त होता. दुसऱ्या दिवशी मी तो सुकतळा वर्गात नेला आणि आलेखाच्या शेजारी भिंतीवर लावला. तो अजून तिथेच आहे. अनेक महिन्यांच्या पावलांची बेरीज करून ठेवलेली ती नोंद आहे, वीज न लागता झालेली.

पावसाळ्यात ठाण्यात वर्षा मॅरेथॉन असते, आणि ओल्या मोज्यांनी धावलेल्यांचे तळवे नंतर पाहिले की हे घसरणं कातडीवर लिहिलेलं सापडतं. ओलसर कातडीचं घर्षण कोरड्या कातडीपेक्षा जास्त. मोजा वरच्या थराला धरून ठेवतो, आतलं हाड पुढे जातं, आणि मधले थर एकमेकांपासून सुटून तिथे पाणी भरतं. फोड येतो तो असा. धावपटूला तो झोंबतो, तो थांबतो, बूट काढतो, पट्टी लावतो. झोंबणं हीच सूचना.

ती सूचनाच आली नाही तर काय होतं, हे मला आईच्या पायांनी शिकवलं.

आईला मधुमेह होऊन बरीच वर्षं झाली. जांभळी नाक्याला भाजी घेऊन आम्ही दोघी परत येत होतो. ती माझ्यापुढे चालत होती, एका हातात पिशवी. मागून एका मुलीने हाक मारली, "आजी, चप्पल राहिली तुमची!" डाव्या पायातली चप्पल दहा-बारा पावलं मागे पडली होती आणि आई अनवाणी चालत होती. ती थांबली, खाली पाहिलं, आणि माझ्याकडे वळून म्हणाली, "अगं, मला कळलंच नाही." तिच्या आवाजात घाबरणं नव्हतं, नवल होतं. घाबरले मी. कारण अंगठ्याच्या चपलेत प्रत्येक पावलाला बोटं ती चप्पल धरून ठेवतात. ते धरणं आपण करत नाही, पायच करतो, तळव्याकडून आलेल्या खबरीवर. चप्पल पायातून गेली आणि पायाला कळलं नाही, म्हणजे खबर येणंच थांबलं होतं.

डॉक्टरांनी एक नायलॉनचा धागा तळव्यावर ठिकठिकाणी टेकवला. हा धागा १० ग्रॅमच्या जोराला वाकतो, त्यामुळे प्रत्येक वेळी जोर तेवढाच लागतो. मोजमापाचं इतकं साधं आणि प्रामाणिक साधन मी क्वचितच पाहिलंय. आई डोळे मिटून बसली होती. धागा चवड्याला तीनदा लागून गेला आणि तिने विचारलं, "लावलंत का डॉक्टर?"

२०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) पाहणीनुसार देशात मधुमेहाची सुमारे १० कोटी माणसं आहेत. सगळ्यांच्या पायांची जाणीव जात नाही. पण ज्यांची जाते त्यांच्या बुटातलं घसरणं ही हौशी मोजणी राहत नाही. भोवरीच्या कडक कातडीखाली आत जखम होते, वरून काही दिसत नाही, दुखत तर नाहीच, आणि माणूस त्याच पायावर चालत राहतो. अशा जाणीव गेलेल्या पायांसाठी मोठं काम झालं ते आपल्याच देशात, वेल्लोरला. पॉल ब्रँड १९४६ मध्ये तिथल्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात आले. कुष्ठरोग्यांची बोटं आणि तळवे सडतात ते रोगाने मांस खराब केल्यामुळे, असा तेव्हाचा समज. ब्रँड यांनी दाखवलं की बहुतेक नुकसान होतं ते जाणीव गेल्यामुळे. न दुखणाऱ्या पायावर माणूस जरा लंगडतसुद्धा नाही, वजन दुसरीकडे टाकत नाही, त्याच जागी पुन्हा पुन्हा पाय आपटत राहतो. मग औषधाइतकाच महत्त्वाचा झाला तो तळ. मऊ, सूक्ष्म छिद्रांच्या रबराच्या चपला तिथून पुढे सर्वदूर गेल्या. पुढे अमेरिकेत असताना त्यांच्या प्रयोगशाळेत असे मोजे वापरले गेले, की ज्यांत रंगाच्या अतिबारीक कुप्या होत्या. चालून आल्यावर जिथे जास्त दाब पडला तिथे कुप्या फुटून रंग उमटलेला असायचा. मला हे वाचताना स्टेशनबाहेरचे काका आठवले, त्यांच्या हातातला तो उजेडाकडे धरलेला सुकतळा. पायाने जे सांगायचं थांबवलं ते बुटाच्या आतून काढून घ्यायचं, ही दोघांची तऱ्हा एकच आहे.

ब्रँड यांचा भर आणखी एका गोष्टीवर होता, ती म्हणजे ऊब. जिथे आत इजा सुरू झाली ती जागा फोड किंवा व्रण दिसण्याआधी गरम होते. पुढच्या संशोधनात याचा एक आकडा ठरला: दोन्ही पायांवरच्या त्याच जागी २.२ अंश सेल्सियसहून जास्त फरक दिसला आणि तो टिकून राहिला, तर चालणं कमी करायचं आणि डॉक्टरांना दाखवायचं. आता आमच्याकडे रात्री जेवणं झाली की आई पाय वर घेऊन बसते. मी दोन्ही तळवे पाहते, बोटांच्या बेचक्या पाहते, चपलेत हात घालून खडा, खिळा, उसवलेला टाका चाचपते, आणि दूरून ताप मोजायच्या यंत्राने अंगठा, चवड्याच्या तीन जागा, टाच, असं दोन्हीकडचं मोजून वहीत लिहिते. आईला त्या वहीचा आता लळा लागलाय. एखाद्या दिवशी मला उशीर झाला तर ट्रान्स-हार्बरच्या गाडीत तिचा फोन येतो, "आज मोजायचं राहणार का?"

कौपिनेश्वराच्या दर्शनाला मात्र तिने काही काळ माझ्याशी वाद घातला. बाहेर चपला काढायच्या, आणि दुपारच्या उन्हात तापलेली फरशी. तिला चटका कळणार नाही, दोन दिवसांनी फोड दिसेल. मी सांगितलं, डॉक्टरांनी सांगितलं, तिने मान हलवली आणि गेली नाही असं झालं नाही. शेवटी तिनेच वाट काढली. ती आता सूर्य उगवायच्या सुमारास जाते, फरशी गार असताना, पायात जाड मोजे घालून. परत येताना तलावपाळीला एक फेरी मारते.

यंदाच्या तुकडीला द्यायचा प्रकल्प यातूनच ठरला. बूट नाही, चप्पल. एक चिप पावलाच्या पाठीवर, एक चपलेच्या टाचेखाली, आणि दोघींच्या हालचालीतल्या फरकावर लक्ष. फरक वाढत गेला म्हणजे चप्पल पायात सैल पडू लागली; फार वाढला म्हणजे ती निघाली. तेव्हा मनगटावरच्या पट्ट्याने थरथरून सांगायचं. पायाची जाणीव गेली तरी मनगटाची शाबूत आहे. पोरं म्हणाली, मॅडम, बूट घेऊ, चप्पल फार अवघड, प्रत्येक पावलाला ती टाचेपासून सुटते आणि परत येऊन चिकटते, निघाली आणि सुटली यातला फरक कसा ओळखायचा? मी म्हटलं, तोच तर प्रश्न आहे. आपल्याकडची बहुतेक आजी-आजोबा मंडळी बुटात चालत नाहीत. पोरांनी आधी स्वतः चपला घालून प्रयोगशाळेतल्या ट्रेडमिलवर चालून पाहिलं आणि सुटण्याचा एक ठरलेला ताल त्यांना सापडला. तो ताल मोडला की काहीतरी बिघडलं, असं धरून त्यांनी संगणकाचा प्रोग्रॅम लिहायला घेतलाय.

पहिल्यांदा घालून पाहायला आई तयार आहे. तिची अट एकच. ट्रेडमिलवर ती चढणार नाही, तिच्यासोबत तलावपाळीला चालायला यायचं, आणि ते सकाळी सहाला.